भिंतीवर कागद लावू नये

१४ फेब्रुवारी

वकीलबाई,

आशीर्वाद घे आणि पुढचं उभ्या उभ्याच वाच, बसून वाचण्यासारखं नाही.

परवा नगरपालिकेनं आपल्या धुणेघराला कुलूप लावलं. सकाळी आम्ही चौदा जणी गाठोडी घेऊन गेलो तर दाराला माझ्या मुठीपेक्षा मोठं टाळं आणि त्यावर लाखेचं सील. खळवाली म्हणाली, "दार चुकलं का गं आपलं?" चाळीस वर्षं त्या दारानं आत जाऊन चादरींना खळ घालते आणि म्हणे दार चुकलं. शेजारी नगरपालिकेचा इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "आजी, इथे आता गाड्या उभ्या करायची जागा होणार." मी म्हटलं, "गाड्या राहतील रे उभ्या. आम्ही कुठे उभ्या राहू?" तर म्हणतो, "तुम्हाला सुनावणीला बोलावलं होतं. आला नाहीत."

कुणी बोलावलं? कधी? बोलावल्यावर मी न जाणारी बाई आहे का? न बोलावता जाते मी.

भट्टीचं पातेलं, इस्त्र्या, चिमटे, सगळं आत अडकलंय. नव्या प्रसूतिगृहाचं काम गेल्याच आठवड्यात मिळालं होतं, कोऱ्या करकरीत चादरी. आता त्या बायका बाळं कशावर निजवतील ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि आम्ही काय खाऊ ते आमचं आम्हाला.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा जेवता जेवता सांगत होतीस, घटनेनं गरिबालाही हक्क दिलेत. ते हक्क कुठल्या कपाटात ठेवलेत ते बघ आणि बाहेर काढ. कपडे कुजायच्या आत काढ.

फोन करू नकोस. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही आणि उजव्याशी घरमालकीण कान लावून असते.

आजी

१७ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र कोर्टाच्या जिन्यात उभ्यानंच वाचलं. तू सांगितलं म्हणून नाही, बसायला जागाच नव्हती.

आधी वाईट ते सांगते. धुणेघर नगरपालिकेचं आहे. ती जागा त्यांना परत घेता येते आणि चाळीस वर्षं तिथे धुतलं म्हणून ती आपली होत नाही. आता बरं ते. घटना म्हणते की जगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि जगणं म्हणजे नुसता श्वास नाही, पोटही त्यात आलं. ज्या जागेवर कुणाचं पोट चालतं ती घ्यायची असेल तर आधी त्या माणसाला कळवावं लागतं आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून न घेता लावलेलं कुलूप घटनेपुढे टिकत नाही.

आपल्याकडे हा एवढा एकच खुंटा आहे. सगळी केस त्यावरच टांगायची आहे. म्हणून आता नात म्हणून नाही, वकील म्हणून विचारते. नोटीस, पत्र, चिठ्ठी, काही म्हणजे काही तुमच्यापैकी कुणाच्या हातात दिलं होतं? दारावर, भिंतीवर लावलं होतं? कुणी वाचून दाखवलं होतं? चौदा जणींना विचार, मग सही कर. प्रतिज्ञापत्रं सोबत आहेत. ती शपथ असते, आजी. नुसता कागद नसतो.

तुझी नात

२० फेब्रुवारी

वकीलबाई,

शपथ काय असते ते मला शिकवू नकोस. तुझ्या आजोबांनी माझ्यासमोर विडी सोडायच्या अकरा शपथा घेतल्या होत्या.

तेराही जणींना विचारलं. कुणाच्या हाती काही दिलेलं नाही. दारावर काही नव्हतं. आणि भिंतीचं म्हणशील तर आपल्या धुणेघराच्या भिंतीवर कागद टिकत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तो इलेक्शनचा लाल कागद आठवतो ना? रात्रीतून कुणी चिकटवून गेलं, सकाळी ओल्या चादरी त्याला टेकल्या आणि इस्पितळाच्या चाळीस चादरी गुलाबी झाल्या. त्या दिवसापासून माझा नियम आहे, भिंतीवर कागद लावू नये. सर्कस असो, शिकवणी असो, मूळव्याधीचा डॉक्टर असो, दिसला की उपटलाच. तू सहा वर्षांची असताना माशाचं चित्र लावलं होतंस, तेही उपटलं. दोन दिवस जेवली नाहीस. नियम म्हणजे नियम.

तेव्हा भिंती स्वच्छ आहेत आपल्या. बेधडक लिही.

माझी सही बघ. अंगठा नाही. दुसरी पास आहे मी.

आजी

६ मार्च

प्रिय आजी,

याचिका दाखल झाली. पहिल्या तारखेला आपला नंबर एकोणसाठावा होता. एकेचाळिसाव्याला न्यायमूर्ती उठले. काल दुसरी तारीख होती. समोरच्या वकिलानं, नगरपालिकेच्या, उठून सांगितलं की उत्तर द्यायला वेळ हवा. का हवा हे त्याला कुणी विचारलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर न्यायमूर्ती म्हणाले, "बाई, बोला, पण थोडक्यात." थोडक्यात बोलले. हुकूमही थोडक्यात आला. इमारत पाडायची नाही, एवढी मनाई मिळाली. कुलूप मात्र तसंच.

घर पाडू नका पण माणसांनी बाहेरच राहावं, असा हा न्याय आहे. आपली गंमत ही की तुमचं कुणी ऐकलं नाही हे सांगायला मी आले आणि माझंच कुणी ऐकत नाही.

तुझी नात

१० मार्च

वकीलबाई,

तुझ्या त्या कोर्टात चादर वाळत घातली असती तर एव्हाना तिला शेवाळ धरलं असतं.

इथलं ऐक. मी मोरीत धुते आणि जिन्यात वाळवते. घरमालकीण जाता येता चादरीतून डोकं काढून बघते, जणू काही मीच तिच्या घरात भूत सोडलंय. काल म्हणाली, "आजी, जिना लोकांचा आहे." मी म्हटलं, "लोक म्हणजे मी कोण, बकरी?" खळवालीच्या घरात उभं राहायला जागा नाही तर खळ कुठे शिजवणार? लॉजचं काम गेलं. त्यांनी यंत्राच्या धुलाईला दिलं. दोघी जणी खानावळीत भांड्यांना लागल्या, तिघी गावाला गेल्या. चौदातल्या नऊ उरल्यात आणि मला सोडून बाकीच्या आठ रोज माझ्या दारात येऊन विचारतात, "नातीचं काय?" मी काय सांगू? नात थोडक्यात बोलली म्हणून सांगू?

एवढी वर्षं शिकून तुला कुणी मोठ्यानं बोलायला शिकवलं नाही का? तुला धुण्याच्या टोपलीत निजवून मी धुणं धुतलं, उपकार नाही केले, दुसरी जागा नव्हती. पण त्या टोपलीतून तुझा आवाज पार चौकात ऐकू जायचा. तो कुठे गेला?

आजी

१९ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र फाडून टाकणार होते. मग पुन्हा वाचलं आणि हसू आलं, म्हणून राहिलं.

नगरपालिकेचं उत्तर आलं. ते म्हणतात, पंचवीस जानेवारीला धुणेघराच्या आतल्या भिंतीवर नोटीस चिकटवली, पाच फेब्रुवारीला सुनावणी ठेवली, कुणी फिरकलं नाही, म्हणून बारा तारखेला कुलूप. पुरावा म्हणून नोटीस लावलेल्या भिंतीचा फोटो जोडलाय. झेरॉक्स सोबत आहे. मध्ये नोटीस, एका कडेला नळ, दुसऱ्या कडेला दोरीवर काहीतरी कपडे. कुठल्याही शहरातली कुठलीही भिंत असू शकते ती.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतेस ना तू, त्या याच. आपल्या चौदा शपथा एकीकडे आणि त्यांचा हा एक फोटो एकीकडे. अठ्ठावीसला तारीख आहे. मी उभी राहून सरळ सांगणार आहे की ही भिंत आमची नाही, फोटो बनावट आहे. आणि या वेळी थोडक्यात सांगणार नाही.

फोटो बघ आणि दोन ओळी पाठव की भिंत आपली नाही.

तुझी नात

२२ मार्च

नातीस,

पत्र मिळालं. झेरॉक्स फार काळी आहे आणि माझा चष्मा जुना आहे.

खळवालीचा गुडघा सुजलाय. बाकी ठीक.

एक विचारायचं होतं. खळवालीच्या भाचीची नणंद आहे, तिनं म्हणे शपथेवर काहीतरी लिहून दिलं आणि ते चुकीचं निघालं. मुद्दाम नाही, लक्षात नव्हतं. तर अशा बाईला काय करतात? आणि तिची वकील असते तिला काय करतात? घाई नाही, सवडीनं कळव.

जेवतेस ना वेळेवर?

आजी

२४ मार्च

प्रिय आजी,

जेवतेस ना, असं तू आयुष्यात मला विचारलेलं नाहीस. ताप आहे का तुला?

त्या नणंदेला सांग, मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर तुरुंगही होतो. चुकून झालं असेल तर लवकरात लवकर कोर्टात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, तेवढाच मार्ग. वकिलाला माहीत नसेल तर काही होत नाही. माहीत असून गप्प बसली तर तिची सनद जाते.

पण तू भिंतीचं काहीच लिहिलं नाहीस. परवाच्या परवा तारीख आहे. चष्मा नसेल तर कुणाकडून तरी बघून घे, पण कळव.

तुझी नात

२६ मार्च, बसच्या कंडक्टरच्या हाती

थांब. उभी राहू नकोस. फोटोबद्दल अक्षर बोलू नकोस.

भिंत आपली आहे. तो नळ आपला आहे, त्याला मीच चिंधी बांधलीय. तो कागद मी उपटला.

वाचला नाही. शप्पथ वाचला नाही, आता माझ्या शपथेची काय किंमत म्हणा. दुपारी जेवून परत आलो, हातात पिळलेली चादर होती, समोर भिंतीवर कागद दिसला, खळ अजून ओली होती, दोन बोटांनी धरून सोलला. केळ्याचं साल सोलावं तसा. जाड चांगला कागद होता म्हणून फेकला नाही, इस्त्रीच्या टेबलावर कांबळ्याखाली सारला. टेबलाला जाडी लागते. माझे सगळे उपटलेले कागद तिथेच जातात. तू विचारलंस तेव्हा मला खरोखर आठवलं नाही. त्या आठवड्यात तीन कागद उपटले असतील. रोज केर काढते, पण कालच्या केरात काय होतं ते सांगता येईल का?

फोटो बघितला आणि नळाची चिंधी दिसली. मग चार दिवस गप्प बसले. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची, कोण उघडायला येतंय. पण तू उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलणार आणि तुला ठाऊकही नसणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

ती नणंद मीच.

आजी

२९ मार्च

आजी,

कंडक्टरनं पत्र वेळेवर दिलं. मी कोर्टात उभी राहिले आणि मुदत मागितली. का, ते सांगितलं नाही. समोरचा वकील हसला. तीन आठवडे मी त्याच्या वेळकाढूपणावर बोलत होते.

ज्यांच्या हाताखाली काम करते त्या मोठ्या वकिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, याचिका मागे घे, आणि आपल्या माणसांची केस घेऊ नये हे मी तुला आधीच सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं.

चौदा बायकांच्या शपथा मी कोर्टात ठेवल्यात. पहिली तुझी. आता मला तिथे जाऊन सांगावं लागेल की पहिलीच चुकीची आहे. मी तुला लिहिलं होतं की तो नुसता कागद नसतो. पण कागद दिसला की उपटायचा, हे तुझं चालूच. माशाच्या चित्राच्या वेळेसारखी मी उपाशी बसेन असं वाटलं असेल तर तसं नाही. मी जेवले. जेवताना रडले, एवढंच.

एकच प्रश्न विचारते. कागद कोणत्या दिवशी उपटलास? सुमारे नको, साधारण नको. पंचवीस जानेवारीला उपटला असशील तर नोटीस दिली होती असं होतं आणि आपली केस संपली.

नात

२ एप्रिल

वकीलबाई,

आधी तुझी बोलणी खाते. चुकले. हात दाखवून अवलक्षण केलं मी, आणि हात तुझा दाखवला. झालं, याच्या पुढे माफी मला मागता येत नाही, चाळीस वर्षांत सवय राहिली नाही.

आता तारीख. तारीख माझ्या डोक्यात राहत नाही. माझं कॅलेंडर दोरीवर असतं. कुठल्या दिवशी कुणाचं काय वाळत होतं ते विचार, सांगते. म्हणून दोन दिवस डोकं खाजवलं आणि आज सकाळी तो फोटो पुन्हा काढला. घरमालकीण तिच्या वर्तमानपत्रासाठी भिंग वापरते, ते मागून आणलं. या खेपेला कागदाकडे बघितलंच नाही. बाजूला दोरीवर वाळत होतं त्याकडे बघितलं.

तू लिहितेस "काहीतरी कपडे". वकिलांची हीच खोड आहे, अक्षर असलं की डोळे उघडतात. अगं, ते काहीतरी नाही. त्या चादरी आहेत, काठाला तीन पट्टे, मधला रुंद. तीन पट्ट्यांची चादर या गावात एकाच ठिकाणी आहे, नव्या प्रसूतिगृहात. आणि त्यांचं पहिलं गाठोडं आमच्याकडे आलं आठ फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नऊ तारखेला, ते दोरीवर होतं. कोरी चादर पहिल्या धुण्याला आखडते म्हणून खळवाली तिच्या खालच्या टोकाला ओला पंचा बांधते, वजनाला. फोटोत पंचे लटकताहेत. दुसऱ्या धुण्याला कुणी पंचा बांधत नाही. तेव्हा तो फोटो नऊ फेब्रुवारीचा, आणि कागद मी त्याच दिवशी उपटला, कारण मी कागद दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाही.

पंचवीस जानेवारीला ते प्रसूतिगृहच जन्माला यायचं होतं! सात फेब्रुवारीला उघडलं ते. तिथल्या मोठ्या नर्सकडे गेले. तिनं उद्घाटनाची पत्रिका दिली आणि पहिलं गाठोडं पाठवल्याची चिठ्ठी दिली, तारीख, शिक्का, सगळं. सोबत आहे. हरवलीस तर याद राख.

म्हणजे मेल्यांनी सुनावणी होऊन गेल्यावर चार दिवसांनी सुनावणीचं बोलावणं चिकटवलं. जेवणं उरकल्यावर आमंत्रण.

पण एक अडचण मला कळते, दुसरी पास असले तरी. हे सांगायचं तर भिंत आपली आहे असं म्हणावं लागणार, कागद होता असं म्हणावं लागणार, आणि तो त्याच दिवशी मीच उपटला हे सांगावं लागणार. म्हणजे माझी चोरी हीच माझी साक्ष. तर घे सांगून. माझ्या सहीनं जे चुकीचं गेलं ते माझ्या तोंडानं बरोबर करते. तुझ्या मोठ्या वकिलांना सांग, आपल्या माणसांची केस घेऊ नये हे ठीक, पण आपल्या चादरी दुसऱ्याला ओळखता येत नाहीत.

आजी

११ एप्रिल

प्रिय आजी,

तुझं दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं. न्यायमूर्तींनी ते दोनदा वाचलं. मग मला पंधरा मिनिटं झाडलं. खोटी शपथ, अशिलाला समजावून न सांगणं, तरुण वकिलांची घाई. मी मान खाली घालून ऐकलं. पंधरा मिनिटांत एकदाही "थोडक्यात" म्हणाले नाहीत.

मग मी प्रसूतिगृहाची चिठ्ठी पुढे केली, मूळ रंगीत फोटो मागवला, आणि पंचे दाखवले. न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलाला विचारलं, "या चादरी पंचवीस जानेवारीला कुठून आल्या?" तो म्हणाला, तारीख टाइप करताना चूक झाली असावी. "कोणती चूक? नोटिशीची, सुनावणीची की फोटोची?" त्याला सूचना घ्यायच्या आहेत, वेळ हवा.

मिळाला. वेळ त्याला नेहमीच मिळतो.

पण कोर्टाचा एक अधिकारी येऊन कुलूप उघडणार आणि कांबळ्याखाली कागद खरंच आहे का ते बघणार. तू सांगतेस ते खरं आहे हे त्यावर ठरेल. आधी पंधरा तारीख दिली होती, पण तो रजेवर आहे. सत्तावीसला येईल. म्हणजे आणखी सोळा दिवस. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, पण तू ते डोकंही उपटशील.

तुझी नात

२८ एप्रिल

वकीलबाई,

अधिकारी येऊन गेला. बारीक, सभ्य, रुमाल नाकाला. आत फक्त मला घेतलं. बाकी सात जणी फाटकातून माना काढून होत्या. हो, सात. आणखी एक गेली.

काय अवस्था झाली होती म्हणून सांगू. खळीचं पातेलं आंबून त्याला केस फुटलेले. निळीची बाटली फुटलेली. दोरीवर एक पलंगपोस तसाच, उंदरानं कुरतडलेला. दहा आठवडे. मी पहिल्यांदा पातेलं उचललं तर तो म्हणतो, "आजी, कशाला हात लावू नका." मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातानंच तर सगळं झालंय."

टेबलावरचं कांबळं त्यानं स्वतः उचललं. खाली कागदच कागद. सर्कस, शिकवणी, मूळव्याध, आणि मध्ये नोटीस, इस्त्रीनं तांबूस झालेली. त्यानं ती चिमट्यानं उचलली, जसा साप असावा. मग विचारलं, "काढताना वाचली का नाही?"

"साहेब, तुमच्या दारावर मूळव्याधीची जाहिरात लावली तर वाचत बसाल का?"

"भिंतीवर कागद लावू नये अशी पाटी लावायची होती."

"लावली असती तर आधी तीच उपटली असती."

तो हसला. इन्स्पेक्टर हसला नाही. मग सगळं लिहून घेतलं, आणि जाताना काय केलं माहीत आहे? पुन्हा कुलूप लावलं. तसा हुकूम आहे म्हणे. आत सापडलं ते खरं, बाई खरी, कागद खरा, आणि कुलूपही खरं. मला पातेलंसुद्धा बाहेर काढू दिलं नाही. अगं, घासून ठेवलं असतं!

आजी

८ मे

प्रिय आजी,

निकाल लागला. आपण जिंकलो. पण आधी पूर्ण वाच, मग खळवालीला सांग.

न्यायमूर्तींनी लिहिलंय की सुनावणीनंतर लावलेली नोटीस ही नोटीसच नव्हे, आणि ज्यांचं पोट त्या जागेवर आहे त्यांना ऐकून न घेता लावलेलं कुलूप घटनेविरुद्ध आहे. कुलूप तीन दिवसांत काढायचं. पुढच्या ओळीत लिहिलंय, "अर्जदार क्रमांक एक यांच्या निष्काळजीपणाबद्दल न्यायालय नापसंती नोंदवते." अर्जदार क्रमांक एक म्हणजे तू. आता तू कायमची कोर्टाच्या दप्तरात आहेस.

आणि शेवटी, नगरपालिकेला नव्यानं, रीतसर नोटीस द्यायला आणि तुमचं ऐकून घेऊन निर्णय करायला मोकळीक आहे.

म्हणजे हे असं. तीन महिने भांडून, झाडून घेऊन, मी तुला काय मिळवून दिलं? एक नोटीस. मोठे वकील म्हणाले, घटना एवढंच देते, दार उघडून देते, पुढे चालायचं आपण. मला त्यांच्या टेबलावर काहीतरी आपटायचं होतं.

सुनावणीला मी येते. तुमच्या वतीनं काय बोलायचं ते लिहायला घेतलंय.

तुझी नात

१४ मे

वकीलबाई,

कुलूप निघालं. पहिल्या दिवशी नुसतं घासणं. पातेलं तीन वेळा घासलं तरी वास जाईना. सात जणी परत आल्या. बाकीच्या येतील न येतील. खानावळीत भांड्यांना लागलेल्या दोघींना तिथे सावली आहे म्हणे.

नोटीस बारा तारखेला आली. इन्स्पेक्टर स्वतः आला, प्रत्येकीच्या हातात एकेक दिली, पोचेवर सही घेतली आणि फोटो काढायला लागला. मी म्हटलं, "थांब रे, मागे चादरी नीट येऊ दे." त्याचं तोंड बघायला हवं होतंस. सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे. म्हणजे सोळा दिवस आधी आमंत्रण. माणसात आलेत.

तू लिहिलंस की नुसती एक नोटीस मिळाली. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. इतकं करून काय, तर पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचं. ते पुन्हा कुलूप लावतील, कदाचित लावतीलच, त्यांना गाड्यांची फार काळजी आहे. पण या वेळी तोंडावर सांगून लावावं लागेल. गेल्या खेपेला पाठीमागून लावलं होतं.

माझा नियम मोडलेला नाही. नोटीस भिंतीवर लावलेली नाही. कोपऱ्यातल्या कोरड्या दोरीवर दोन चिमट्यांनी टांगलीय. धुणं भट्टीला लागलं की मी एक ओळ वाचते, मग सगळ्या मिळून त्या ओळीला शिव्या घालतो, मग दुसरी ओळ. अर्धी झालीय.

कांबळ्याखालचे कागद काढले तर सगळ्यात खाली तुझा मासा निघाला. रंग उडालाय, एक डोळा शिल्लक आहे. टेबलाला जाडी हवी म्हणून ठेवला होता, दुसरं काही समजू नकोस. हवा तर येशील तेव्हा घेऊन जा.

आणि ये. पण तू लिहायला घेतलंयस ते फाडून टाक. तीन महिने तू कोर्टाला सांगत होतीस ना, यांचं कुणी ऐकलं नाही म्हणून? मग ऐकायची पाळी आल्यावर तूच काय बोलतेस? तू शेजारी बस, पुस्तक मांडीवर ठेव, आम्ही चुकलो तर चिमटा काढ. बोलणार आम्ही. सातही जणींना विचारून ठेवलंय कोण काय बोलणार. मी पाण्याचं आणि जागेचं सांगणार, नापसंती असलेली बाई म्हणून सगळ्यात आधी. दुसरी इस्पितळाच्या चादरींचं सांगणार.

खळवालीला विचारलं, तू काय बोलशील? तिनं आधी गुडघा चोळून घेतला. मग म्हणाली, "मी म्हणेन, साहेब, त्या दिवशी मला वाटलं होतं आमचं दार चुकलं. पण दार हेच आहे."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. विसरेल म्हणून मी लिहून ठेवलंय.

आजी